घटस्फोटाचा दावा स्वतः चालवताना
वाचकांचे प्रश्न, कायदा विभागाची उत्तरे

वकील न लावता घटस्फोटाच्या दाव्यात स्वतः उभे राहण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना इथे उत्तरे दिली आहेत. उत्तरे हिंदू विवाह कायदा आणि महाराष्ट्रातली कौटुंबिक न्यायालये समोर ठेवून लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावे विभागाच्या रिवाजाप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : नवऱ्याने क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा दावा लावला आहे. समन्स मिळाले असून तारीख तीन आठवड्यांनी आहे. वकिलाची फी मला झेपणार नाही. मी स्वतः उभी राहू शकते का? पहिल्या तारखेला नेमके काय करायचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नक्की उभ्या राहू शकता. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ याच्या कलम १३ प्रमाणे या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. पक्षकाराने स्वतः बोलावे अशीच या कायद्याची मूळ कल्पना आहे. व्यवहारात परवानगी सर्रास मिळते, त्यामुळे समोरून वकील येणार हे धरून चाला. त्यांच्या वकिलाला हरकत घेण्यात शक्ती घालवू नका, त्यातून सहसा काही निघत नाही.

मात्र स्वतः लढण्याचा निर्णय घेण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात करायचा, हेल्पलाइन १५१०० आहे. दुसरे म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही नवऱ्याकडून मागता येतो. हे दोन्ही मार्ग तपासूनही स्वतः लढायचे ठरवलेत, तर पुढचे वाचा.

समन्ससोबत दाव्याची पूर्ण प्रत आणि दस्तांच्या प्रती आल्या आहेत का, ते आजच पाहा. नुसतेच समन्स आले असेल तर पहिल्या तारखेला लेखी अर्ज देऊन प्रत मागा. दाव्याचा नंबर आणि सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ई-कोर्ट्स ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि दाव्याचा टप्पा घरबसल्या दिसतो. मात्र ॲपवर तारीख चढायला कधी कधी उशीर होतो, म्हणून तारीख पडताच ती कोर्टातच लिहून घ्या.

तारखेला कोर्ट बसण्याच्या अर्धा तास आधी पोचा. दाराबाहेरच्या बोर्डावर तुमचा अनुक्रमांक बघा, आत क्लार्कला ‘जाबदार स्वतः हजर’ असे सांगा (जाबदार म्हणजे ज्याच्यावर दावा लावला तो पक्ष) आणि पुकारा ऐकू येईल अशा जागी बसा. झेरॉक्स काढायला खाली गेल्यावर पुकारा होऊन गेला आणि एकतर्फीचा (तुमच्या गैरहजेरीत दावा चालवण्याचा) हुकूम झाला, असे खरेच घडते. एकट्याने जाणाऱ्याने सगळ्या झेरॉक्स आदल्या दिवशीच काढून ठेवाव्यात.

त्या दिवशी दोन कागद सोबत हवेत. एक म्हणजे हजर होत असल्याचा अर्ज, त्यात पत्ता, मोबाइल, ई-मेल आणि ‘मी स्वतः दावा चालवणार’ हे वाक्य. दुसरा म्हणजे कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचे लेखी उत्तर, देण्यासाठी मुदत मागणारा अर्ज. कैफियत समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यानंतरही योग्य कारण असेल तर कैफियत घेतली जाते, पण बहुधा खर्च भरावा लागतो. आणि तोवर ‘कैफियतीविना’ दावा पुढे चालवण्याचा हुकूम झाला असेल, तर आधी तो रद्द करून घ्यावा लागतो.

न्यायाधीशांना तोंडी सांगितलेली गोष्ट रेकॉर्डवर राहत नाही. मुदत हवी, कागद हवा, तारीख लांब हवी, पोटगीची थकबाकी आहे, जे असेल त्याचा अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर समोरच्याची पोच घ्या. एकट्याने दावा चालवणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. माणूस पोटतिडकीने बोलतो, न्यायाधीश ऐकतात, पण रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) त्यातले काहीच उतरत नाही.

बहुतेक वेळा सुरुवातीलाच तुम्हाला विवाह समुपदेशकांकडे पाठवतील. समझोत्याचा प्रयत्न करणे हे कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ९ प्रमाणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. तिथे जे बोलाल ते गोपनीय असते, पुरावा म्हणून वापरले जात नाही. त्यामुळे मनमोकळे बोला. पण तिथे काही ठरले तर लेखी मसुदा घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : दाव्यात माझ्याबद्दल पानेच्या पाने खोटे लिहिले आहे. ‘सर्व खोटे आहे’ एवढे लिहून दिले तर चालेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, आणि ही चूक नंतर फार महागात पडते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम असा आहे, की जे विधान स्पष्टपणे नाकारलेले नाही ते मान्य केले असे धरता येते. म्हणून दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमांकाने उत्तर द्या. लग्नाची तारीख, मुलांची नावे, शेवटचे एकत्र राहण्याचे ठिकाण यांतले जे खरे आहे ते सरळ मान्य करा. खऱ्या गोष्टीही नाकारल्या की बाकीच्या नकारांचे वजन जाते.

समजा, परिच्छेद ७ मध्ये लिहिले आहे : ‘१५ ऑगस्ट २०२२ रोजी जाबदारने अर्जदाराच्या आईला पाहुण्यांसमोर शिवीगाळ केली व घर सोडून गेली.’ याला ‘मजकूर खोटा व खोडसाळ आहे’ असे उत्तर सगळेच देतात. त्याऐवजी असे लिहा : ‘परिच्छेद ७ मधील मजकूर मान्य नाही. १४ ते १७ ऑगस्ट २०२२ या काळात मी माझ्या वडिलांजवळ रुग्णालयात होते. डिस्चार्ज कार्ड दस्तऐवज यादीत अ. क्र. ४ वर आहे. मी सासर कायमचे सोडले नव्हते. १८ ऑगस्टला परत आले, तेव्हा मला घरात घेतले नाही.’ या उत्तरात तारीख आहे, ठिकाण आहे आणि कागदही आहे. अर्जदाराला आता उलटतपासात या चार दिवसांचा हिशेब द्यावा लागेल.

परिच्छेदांची उत्तरे झाली की ‘खरी वस्तुस्थिती’ या मथळ्याखाली तुमची बाजू तारखांच्या क्रमाने मांडा. आरोप झालेल्या घटनेनंतरही तुम्ही दोघे नवरा-बायको म्हणून एकत्र राहिला असाल तर ते आवर्जून लिहा. क्रूरता झाली असली तरी ती नंतर माफ केलेली नाही, हे दाखवण्याची जबाबदारी हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे दावा लावणाऱ्यावर असते. कैफियतीत नसलेल्या गोष्टीवर पुढे पुरावा देऊ लागलात तर हरकत येईल, म्हणून महत्त्वाचे काही राखून ठेवू नका. शेवटी सत्यापन (मजकूर खरा असल्याचे सहीनिशी निवेदन) आणि शपथपत्र हवे. एक संच न्यायालयाला, एक समोरच्याला आणि एक पोच घेतलेला स्वतःकडे. मराठीत लिहिलेले चालते.

कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज किंवा पोलीस तक्रार आधी केली असेल, तर तिची प्रत शेजारी ठेवूनच कैफियत लिहा. तक्रारीत ‘मे महिन्यात मारहाण’ आणि कैफियतीत ‘जुलैमध्ये’ अशी तफावत राहिली, तर समोरचा वकील उलटतपासाची सुरुवात तिथूनच करील.

प्रश्न : पोटगीच्या अर्जाबरोबर मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र मागितले आहे. ते कसे भरायचे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी या शपथपत्राचा नमुना ठरवून दिला. पोटगी मागणाऱ्याने ते अर्जासोबत द्यायचे, समोरच्याने चार आठवड्यांत. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, म्हणून अर्ज देण्यात दिरंगाई करू नका.

खर्चाचा रकाना नीट भरायला दोन संध्याकाळी काढा. ‘घरखर्च २५,००० रुपये’ असा गोळाबेरीज आकडा कोणालाच पटत नाही. भाडे, किराणा, गॅस, वीज, शाळेची फी, रिक्षा-बस, औषधे असे वेगवेगळे लिहा आणि जिथे पावती आहे तिथे ती जोडा. शाळेची फी वर्षाची असेल तर तिला बाराने भागून महिन्याचा आकडा द्या. शिकवणी किंवा शिवणकाम करून महिन्याला चार पैसे मिळत असतील तर तेही लिहा. कमावत्या बायकोलाही पोटगी मिळू शकते, पण लपवलेले उत्पन्न उघड झाले तर तिच्या बाकीच्या सगळ्या विधानांवरचा विश्वास उडतो आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईही होऊ शकते.

समोरच्याने लपवाछपवी केल्याचा संशय असेल तर ‘याची कमाई खूप आहे’ असे म्हणून काही होत नाही. कंपनीचे नाव, बँकेची शाखा, गाडीचा नंबर, सातबाऱ्यावरचा गट क्रमांक, जे माहीत असेल ते लिहून कंपनीकडून पगारपत्रके किंवा बँकेकडून खातेउतारा मागवण्याचा अर्ज द्या. अर्ज जितका नेमका, तितका तो मंजूर होण्याचा संभव जास्त.

प्रश्न : माझ्याकडे व्हॉट्सॲपचे संदेश आणि फोनवरच्या भांडणाची रेकॉर्डिंग आहेत. ती चालतात का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चालतात, पण ती रीतीने आणावी लागतात. पती-पत्नीतले गुपचूप रेकॉर्ड केलेले संभाषण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून वापरता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी विभोर गर्ग विरुद्ध नेहा या प्रकरणात दिला आहे. शिवाय कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याचे नियम या न्यायालयात काहीसे सैल आहेत. त्या सैलपणावर विसंबू नका.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. फोनचा मेक, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकीय आकडा) त्यात येते. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका आणि तो संवाद डिलीट करू नका. तुकड्यातुकड्यांचे स्क्रीनशॉट देण्यापेक्षा पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून छापा, प्रत्येक पानावर तारीख आणि नंबर दिसायला हवा. मागचापुढचा मजकूर कापलेला आहे, हीच समोरून पहिली हरकत येते. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर द्या आणि सोबत शब्दशः लेखी उतारा जोडा : कोण, कोणत्या मिनिटाला, काय म्हणाले.

समोरच्याचा फोन किंवा ई-मेल त्याच्या नकळत पासवर्ड घालून उघडू नका. तो माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि एका पुराव्यापायी तुमच्यावरच खटला ओढवेल.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी साक्ष आहे, नंतर नवऱ्याचा उलटतपास मलाच घ्यायचा आहे. तयारी कशी करू? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सरतपास, म्हणजे तुमची स्वतःची मूळ साक्ष, शपथपत्रावर होतो, म्हणजे तुमची हकीकत तुम्ही आधीच लिहून देता. ते शपथपत्र कैफियतीशी ओळीने ओळ जुळायला हवे. त्या दिवशी विसरू नये अशी गोष्ट म्हणजे निशाणी, म्हणजे पुराव्यात घेतलेल्या दस्तावर न्यायालय टाकते तो क्रमांक. दस्त यादीसोबत दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असे नाही. मूळ कागद सोबत न्या आणि साक्षीच्या सुरुवातीलाच म्हणा, ‘यादीतील अ. क्र. १ ते ६ या दस्तांवर निशाणी द्यावी.’ मूळ नसेल तर ते का नाही आणि कोणाकडे आहे, हे शपथपत्रात लिहिलेले हवे.

तुमचा उलटतपास होईल तेव्हा पूर्ण प्रश्न ऐका आणि विचारले तेवढेच सांगा. ‘माहीत नाही’ आणि ‘आठवत नाही’ यांत फरक आहे, जे खरे असेल तेच म्हणा. एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबले असतील तर ‘प्रश्न वेगवेगळे विचारावेत’ अशी विनंती न्यायाधीशांना करा. चिडवणारे प्रश्न येतील. स्त्रियांना चारित्र्याबद्दल, पुरुषांना कमाईबद्दल. अशा वेळी एक श्वास घेऊन न्यायाधीशांकडे पाहून उत्तर द्या. जबाब टाइप होऊन आला की सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. ‘होते’च्या जागी ‘नव्हते’ पडले असेल तर तेव्हाच सांगा, सही झाल्यावर ते दुरुस्त करून घेणे फार अवघड असते.

आता तुम्ही घ्यायचा उलटतपास. तो म्हणजे भांडण नव्हे आणि जाब विचारणेही नव्हे. ज्याचे उत्तर तुमच्याकडच्या कागदावर आहे असाच प्रश्न विचारायचा. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यावे असा. उदाहरण घ्या. नवऱ्याने शपथेवर सांगितले आहे, की २०२१ पासून बायको त्याच्याशी बोलतच नव्हती. तुमचे प्रश्न असे :

‘मार्च २०२२ मध्ये आपण दोघे महाबळेश्वरला गेलो होतो, हे खरे आहे का?’
‘हॉटेलचे बिल तुमच्या कार्डावरून भरले, हे खरे आहे का?’
‘निशाणी ३२ वरील फोटोत आपण दोघे आहोत, हे खरे आहे का?’

इथे थांबा. ‘मग न बोलता फिरायला कसे गेलो?’ हा चौथा प्रश्न जिभेवर येईल, तो गिळा. तो विचारलात की त्याला खुलासा करायची संधी मिळते : आईच्या आग्रहाखातर गेलो, ती तिथेही गप्पच होती, वगैरे. त्या तीन उत्तरांचा अर्थ तुम्ही युक्तिवादात सांगायचा आहे. ‘का’ आणि ‘कसे’ हे दोन शब्द प्रश्नांच्या यादीतून खोडून टाका.

दुसरे म्हणजे, त्याच्या शपथपत्रातले जे विधान तुम्हाला मान्य नाही ते प्रत्येक विधान त्याच्यापुढे ठेवावे लागते. ‘१५ ऑगस्टला मी तुमच्या आईला शिवीगाळ केली हे तुम्ही खोटे सांगत आहात.’ तो म्हणेल, ‘हे म्हणणे खरे नाही.’ तसेच लिहिले जाईल आणि तेवढे पुरे आहे. हे राहिले तर त्या विधानाला तुम्ही आव्हानच दिले नाही असा युक्तिवाद समोरून होतो आणि तो मान्यही होऊ शकतो. त्याच्या शपथपत्राच्या समासात प्रत्येक परिच्छेदापुढे ‘मान्य’, ‘नाकारायचे’ किंवा ‘कागद आहे’ अशा खुणा करा आणि त्यावरून प्रश्न लिहून काढा. वीस-पंचवीस नेमके प्रश्न पुरतात. आधी जाऊन त्याच न्यायालयात मागच्या बाकावर बसून उलटतपास ऐकावा असे कोणी सुचवेल, पण वैवाहिक दावे पुष्कळदा बंद दाराआड चालतात. जवळच्या दिवाणी न्यायालयात एखादा उलटतपास ऐकायला मिळाला तर जरूर ऐका.

पूर्ण दाव्यासाठी वकील परवडत नसेल तर निदान कैफियतीचा मसुदा आणि उलटतपासाचे प्रश्न एखाद्या जाणकार वकिलाला दाखवून घ्या. आमच्या मते दाव्यात कुठे पैसे खर्च करायचेच असतील तर ते याच दोन ठिकाणी करावेत.

प्रश्न : आम्ही दोघे परस्परसंमतीने वेगळे होतोय, भांडण नाही. यातही वकील हवाच का? फ्लॅट बायकोच्या नावावर करायचा आहे. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालची संयुक्त याचिका दोघांनी मिळून स्वतः चालवणे शक्य आहे. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. आधी पहिला जबाब (न्यायालयापुढे दोघांनी संमती सांगणे) होतो आणि याचिका दाखल केल्यापासून सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत दुसरा जबाब होतो. हे सहा महिने माफ करण्याचा अर्ज देता येतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७च्या निकालाप्रमाणे वेगळे राहून दीड वर्ष झालेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे सर्व मिटलेले असावे. पहिल्या जबाबानंतर आठवड्याने हा अर्ज करता येतो.

खरे काम संमतीच्या अटी लिहिण्याचे आहे. ‘पती पत्नीस १० लाख रुपये देईल’ हे वाक्य अपुरे आहे. किती रक्कम, कोणत्या तारखेला, डिमांड ड्राफ्टने की खात्यात, किती पहिल्या जबाबाला आणि किती दुसऱ्या, हे सगळे लिहा. स्त्रीधनाची यादी आणि ते मिळाल्याची पोच जोडा. मुलांच्या बाबतीत सुट्ट्या, भेटीचे दिवस, शाळेची फी आणि पासपोर्टवरची संमती लिहून ठेवा. ४९८-अ ची (सासरच्या छळाची, भारतीय दंड संहितेखालची) केस चालू असेल तर ‘मागे घेऊ’ असे लिहून ती संपत नाही, ती रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात वेगळा अर्ज लागतो. हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम आदेश) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते, म्हणून सगळे पैसे आधीच देऊन मोकळे होऊ नका आणि घेणाऱ्यानेही सगळे शेवटावर सोडू नये.

फ्लॅटसाठी उपनिबंधक कार्यालयात नोंदणीकृत दस्त करा. महाराष्ट्रात पती-पत्नीतल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्रावर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, शिवाय स्थानिक अधिभार. घटस्फोट झाल्यावर तुम्ही पती-पत्नी राहत नाही आणि ही सवलतही राहत नाही. त्यामुळे दस्त दुसऱ्या जबाबाच्या अगदी तोंडावर करणे सोयीचे. कर्ज चालू असेल तर तुमच्यातल्या अटी बँकेवर बंधनकारक नसतात, बँकेचे लेखी पत्र आधी मिळवा.

प्रश्न : गावी आजारपणामुळे तारखा चुकल्या आणि एकतर्फी घटस्फोट झाल्याचे आता कळले. काही करता येते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : हो, पण आठवडाभरसुद्धा थांबू नका. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात द्यायचा. मुदत हुकूमनाम्यापासून ३० दिवस. समन्स रीतसर बजावलेच नव्हते, तर कळल्यापासून ३० दिवस. मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा आणि आजारपणाचे कागद तारखेनिशी लावा. ‘मी आजारी होते’ एवढ्याने भागत नाही, प्रत्येक चुकलेल्या तारखेचे कारण द्यावे लागते. बेलीफाचा (समन्स बजावणाऱ्या कोर्ट कर्मचाऱ्याचा) अहवाल आणि रोजनाम्याच्या नकला नक्कल विभागातून लगेच मागवा. समन्स कोणत्या पत्त्यावर गेले आणि कोणी घेतले, ते त्यातून कळते.

प्रश्न : निकाल माझ्या बाजूने लागला. आता लगेच दुसरे लग्न करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : लगेच नाही. अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे थांबावे लागते. कौटुंबिक न्यायालय कायद्यात अपिलाची मुदत ३० दिवस लिहिली आहे, तर हिंदू विवाह कायद्यात ९० दिवस. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवसांची मुदत धरली आहे. शिवाय निकालाची नकल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणजे समोरच्याची मुदत नव्वद दिवसांच्याही पुढे जाऊ शकते. लग्नाची तारीख धरण्याआधी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने अपील दाखल आहे का ते पाहून घ्या. निकाल विरोधात गेला असेल तर मात्र ३० दिवसच आहेत असे धरून धावपळ करा, आणि प्रमाणित नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच द्या. नकला दोन-तीन घ्या. पासपोर्ट, बँक, विमा आणि मुलांची शाळा, सगळीकडे प्रमाणित प्रत दाखवावी लागते.